उपाशीपोटी मांडे

आता गावात कुणाच्या लग्नात मांडा खापरावर फाटला की बाया लगेच म्हणतात, कुंदा पाहिजे होती. मेल्या म्हशीला मणभर दूध! जिवंत होती तेव्हा याच बाया तिच्या हातचं पाणी पीत नव्हत्या. मी शेवंताबाई, तिची थोरली जाऊ. तिचा नवरा चुडामण म्हणजे माझा धाकटा दीर. एकाच अंगणात आमच्या दोघींच्या चुली, त्यामुळे मला ऐकीव सांगायची गरज नाही. पाहिलं ते सांगते. कुणाला राग आला तर येऊ द्या, या वयात माझं कोण काय वाकडं करणार आहे?

आमचं गाव नरडाण्याच्या अलीकडे, आग्रा रोडपासून आत. कुंदा लग्न होऊन आली तेव्हा अंगानं काडी, बोलायला मुखदुर्बळ. सासूबाई, म्हणजे धुरपदाबाई, पहिल्याच दिवशी म्हणाल्या की हे काय कामाचं पाखरू आणलंय. मग आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आला, पितरांना मांडे लागतात, आणि पाखरानं हात दाखवला.

मांडा लाटत नाहीत, हे बाहेरगावच्यांना सांगावं लागतं. कणीक तिंबून तिंबून सैल करायची, तिच्यात पुरणाचा गोळा भरायचा, हातावर घ्यायचा आणि या मनगटावरून त्या मनगटावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा. बोटं लागली तर भोक पडतं, घाबरली तर घडी पडते. कुंदाचा मांडा खापरावर पडला की आरपार जाळ दिसायचा, पण पुरण कुठं फुटायचं नाही. त्या दिवशी सासूबाईंनी पुरणाचं पातेलं संपेस्तोवर तिला उठू दिलं नाही. तेव्हापासून गावातलं लग्न असो की कुणाचं तेरावं, खापरापुढे कुंदाच. शेजारीपाजारी बैलजोडी मागायला येतात ना, तशा बाया सासूबाईंकडे सून मागायला यायच्या, आणि सासूबाई ऐटीत म्हणायच्या, "पाठवते." कुंदाला कुणी विचारायचं नाही.

आणि एक नेम होता आमच्यात. खापरापुढे बसणारीनं उपाशी बसायचं. पहिला मांडा देवाला किंवा पितराला गेल्याशिवाय तिनं तोंडात घास घालायचा नाही. नेम चांगलाच असेल, मी देवाधर्माला नावं ठेवत नाही. पण देवाचा मांडा पहाटे व्हायचा आणि कुंदाचं जेवण दिवस कलल्यावर. मधल्या वेळात कोणता देव तिला धरून बसायचा? देव नाही, आमच्या सासूबाई. "उठशील तर खापर थंड होईल," एवढंच म्हणायच्या.

तिची पोरगी प्रमिला नाकीडोळी नीटस, कामाला वाघीण. ती लग्नाला आली त्याच सुमारास कुंदाचे हात धरायला लागले. सकाळी उठली की मुठी वळायच्या नाहीत. लुगड्याची गाठ मी मारून द्यायची. उन्हं वर आली की जरा सैल व्हायचे, मग कामाला लागायची, पण बोटांचे सांधे सुजून लाल व्हायचे. वर्ष उलटलं तशी बोटं करंगळीच्या बाजूला कलली. वाकडी झाली.

वाकडी बोटं म्हटल्यावर गाव काय म्हणणार? पाणवठ्यावर कुणीतरी बोललं, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत झालं की चुडामणच्या बायकोला महारोग लागला. मी भांडायला गेले त्या बायकांशी. म्हटलं, तिच्या अंगावर चट्टा दाखवा, नाही दाखवला तर तुमच्या जिभेला चट्टे पडोत. पण गावाच्या तोंडाला हात कोण लावतो? आणि घरातच कुंपण शेत खात होतं. सासूबाईंनी तिचं ताट वेगळं केलं. पाण्याला तिनं सगळ्यांच्या शेवटी जायचं. चुडामणनं आपलं अंथरूण ओट्यावर नेलं. मी जाब विचारला तर म्हणाला, घरात उकडतं. पौष महिना होता, लाज वाटत नव्हती मेल्याला!

कुंदा रडली नाही. पदराखाली हात घेऊन बसायची आणि एकच म्हणायची, मला काही झालं तरी चालेल, पण कुणी हे हात बघायच्या आत पोरगी उजवली पाहिजे. तिला दुसरं काही नको होतं. तिच्या जन्माची एवढीच मागणी, आणि सगळ्यांना ती माहीत होती. म्हणून तर सगळ्यांनी तिला तिथंच धरलं.

अमळनेरकडचं एक स्थळ आमच्या वेशीवरून परत गेलं. कुणीतरी वाटेत कानात सांगितलं असणार. तेव्हा कुठं घरात हालचाल झाली आणि चुडामण तिला घेऊन धुळ्याला डॉक्टरकडे गेला. बायकोच्या दुखण्यासाठी नाही हं, पोरीच्या लग्नासाठी. डॉक्टरांनी हात पाहिले, सुई टोचून पाहिली, आणि सांगितलं की हा महारोग नाही, संधिवात आहे, कुणाला लागत नाही. गोळ्या लिहून दिल्या. कुंदा बाहेर बाकावर बसली आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते चुडामणनं आत ऐकलं. घरी येऊन त्यानं सांगितलं, "सूज उतरायच्या गोळ्या आहेत. दुधाबरोबर घे म्हणे." बस, एवढंच. दूध चुडामणच्या चहाला आणि सासूबाईंच्या वाटीला जायचं. कुंदानं पाण्याबरोबर घेतल्या.

आणि गोळ्या लागू पडल्या की हो! खोटं कशाला बोलू? पंधरवड्यात सूज ओसरली, मूठ वळायला लागली. वाकडेपणा गेला नाही, पण लाली गेली, आणि कणकेत बुडालेले हात कोण निरखून बघतं? कुंदानं गुढीपाडव्याला मांडे केले. मी तिला त्या दिवशी हसताना पाहिलं. मला म्हणाली, बाई, माझे हात मला परत मिळाले.

गोळी सकाळी उठल्या उठल्या घ्यायची, कारण हात सकाळी धरतात. म्हणजे अनशापोटी. आमच्याकडे समजूतच अशी की औषध रिकाम्या पोटीच लागतं, भरल्या पोटी घेतलं तर भाकरीत विरून जातं. वैद्याच्या काढ्याला जे लागू, तेच डॉक्टरच्या गोळीला. त्यात प्रमिलेचं जमावं म्हणून कुंदानं सोमवार आणि शुक्रवार धरले. मग गोळ्यांचा जोर कमी पडायला लागला तेव्हा चुडामणनं नरडाणा टेसनाजवळच्या दुकानातून डोकेदुखीच्या पुड्या आणल्या. टेसनावरचे हमाल अंग ठणकलं की त्या खायचे. आता धुळ्याची गोळीही आणि टेसनाची पुडीही. दुकानं दोन म्हणजे औषधं दोन, एक हाताचं आणि एक अंगाचं, असा सगळा हिशोब. डॉक्टरांना पुन्हा विचारायला जावं, असं मी म्हटलं. सासूबाई फिसकारल्या, डॉक्टर बंद करायला सांगेल तर मग लग्नात मांडे तू करशील का?

कारण लग्न जमलं होतं. धुळ्याच्या जवळचं घर, जमीनजुमला, मुलगा शिकलेला. मुलाची आई यशोदाबाई मोठी करडी बाई. मुलगी पाहायला आली तेव्हा तिनं मुलीपेक्षा मुलीच्या आईकडे जास्त पाहिलं. अफवा तिच्याही कानावर होती, पण तसं तोंडानं कशाला बोलेल? गोड हसून म्हणाली, "विहीणबाईंच्या मांड्यांचं नाव फार ऐकलं. लग्नात आमच्या पंगतीला त्यांच्याच हातचे मांडे पाहिजेत. मी स्वतः खापराजवळ बसून बघणार आहे, कसे करतात ते."

लेकी बोले, सुने लागे. आम्हाला सगळ्यांना कळलं की बाईला मांडे बघायचे नाहीत, हात बघायचे आहेत. नवरीच्या आईनं स्वतःच्या पोरीच्या लग्नात चुलीपुढे बसावं, ही कुठली रीत? मी तसं बोलणार होते. कुंदानं माझा पदर ओढला आणि यशोदाबाईंना हो म्हणाली.

वैशाख जवळ आला तशी ती गोळ्या वाढवत गेली. सकाळी एक होती ती सकाळ-संध्याकाळ दोन-दोन झाली, वर पुड्या. पोटात आग पडायची. छातीशी हात धरून वाकून बसायची. तोंड पांढरं पडत चाललं, चार पायऱ्या चढली की धाप लागायची. एकदा परसाकडून आली आणि मला हळूच म्हणाली, काळं होतंय गं, डांबरासारखं. सासूबाईंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, कळण्याची भाकर खाते, दुसरं काय होणार. आमच्याकडे ज्वारीत अख्खे काळे उडीद घालून दळतात, ती कळण्याची भाकर काळपटच असते. साऱ्या बायकांनी माना डोलावल्या. कळण्यानं होतं तसं. खरं सांगते, त्या घरात तीच भाकर सगळे खात होते, आणि काळं एकटीलाच होत होतं. पण परसाकडच्या गोष्टी पडताळून कोण बघतो?

लग्न आलं. नवे पैसे निघाले त्या सालचा वैशाख. कन्यादान होईपर्यंत नवरीच्या आईबापानं उपाशी राहायचं ही रीत, ती सगळीकडेच आहे. चुडामणनं रीत पाळली, म्हणजे ओट्यावर बसून विडी ओढली. कुंदानं पहाटेपासून खापरापुढे बसून पाळली. त्यात मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली, ती मरेपर्यंत विसरणार नाही. कुंदाचे हात सकाळी लाकडासारखे ताठ झाले होते. तिनं गोळ्या काढल्या. मी वाटीत भाकर आणि दूध कालवून आणलं, म्हटलं दोन घास पोटात टाक, मग घे. सासूबाईंनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"औषधाच्या घोटानं उपास मोडत नाही," त्या म्हणाल्या. "भाकरीनं मोडतो. पोरीच्या लग्नाला अपशकुन करतेस का?"

म्हणजे विष चालतं, घास चालत नाही. असा आमचा धर्म. कुंदानं मूठभर गोळ्या आणि वर पुडी घोटभर पाण्याबरोबर गिळली आणि कणकेला हात घातला.

वऱ्हाड मोटारीनं आलं. माल नेतात ती मोठी मोटार, आंब्याच्या डहाळ्या बांधलेली, खाली गाद्या टाकलेल्या. यशोदाबाईंचा भाऊ रुपचंद धुळ्यात डॉक्टर होता, तोही आला होता. धुळ्यात कुंदाला तपासलं तो हा नव्हे, दुसरा. यशोदाबाई आल्या तशा पाट मागवून खापराजवळ बसल्या. कुंदा मांडा झेलत होती आणि त्या बोटांकडे बघत होत्या. घाम कुंदाच्या हनुवटीवरून टपकत होता. एक मांडा फाटला नाही. बऱ्याच वेळानं यशोदाबाई उठल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "हात तर चांगले आहेत की. लोक काय वाट्टेल ते बोलतात." सासूबाई अशा फुलल्या की विचारू नका.

मुहूर्त झाला, अक्षता पडल्या, कन्यादानाच्या वेळी कुंदा नवऱ्याशेजारी जाऊन बसली आणि परत आली. आता उपास सुटला होता. पण पहिली पंगत मांडून बसली होती आणि वऱ्हाडाला मांडे गरम पाहिजेत. मी म्हटलं आता तरी खा. ती म्हणाली, पंगत उठू दे बाई, आता थोडंच राहिलंय.

थोड्या वेळानं ती उठली आणि कुडाच्या मागं गेली. मला तिचं चालणं बरं दिसलं नाही, म्हणून मी मागोमाग गेले. कुडाला धरून ती ओकत होती. आधी काळं काळं, चहाच्या चोथ्यासारखं, आणि मग लाल. नुसतं रक्त. एवढं रक्त एवढ्याशा बाईत असतं, हे मला माहीत नव्हतं. मी तिला धरलं तर हात गार. सासूबाई आल्या. त्यांनी बघितलं, आत गेल्या, चुलीतली राख पाटीभर आणली, रक्तावर पसरली आणि वर पाटी पालथी घातली.

"वऱ्हाड उठू दे," म्हणाल्या. "तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. रक्त ओकली म्हटलं की क्षय म्हणतील. महारोगातून सुटलो, आता क्षयात घालू का पोरीला?"

आणि कुंदानं मान हलवली. हो म्हणाली! राखेशेजारी बसून, तोंड पुसून, हो म्हणाली.

मी कुणाचं ऐकणारी नाही. मंडपात डॉक्टर जेवतोय आणि कुडामागं बाई रक्त ओकतेय, हे मला सोसलं नाही. तुपाची वाटी घेतली, वाढायच्या निमित्तानं रुपचंद डॉक्टरांपाशी वाकले आणि कानात सांगितलं. तो माणूस भरल्या ताटावरून उठला. पंगतीतून मधेच कोणी उठत नाही, सगळ्यांच्या माना वळल्या. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मेले असते. मेले नाही.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला, कोणत्या गोळ्या घेते? चुडामण गोळ्या आणि पुड्या घेऊन आला. डॉक्टरांनी वास घेतला, पुडी जिभेला लावली आणि कपाळावर हात मारला. दोन्ही एकाच कुळीची, म्हणाले. सांध्याची सूज उतरवतात आणि पोटाचं आतलं अस्तर सोलतात. भरल्या पोटी, बेतानं घेतली तर माणूस तरून जातो, तरी लक्ष ठेवावं लागतं. उपाशीपोटी, दोन्ही एकदम, आणि अशा मुठीनं घेतली तर पोटात जखम होते आणि जखम वाहते. मग विचारलं, काळं होत होतं का? मी म्हटलं, महिनाभर होतंय, आम्ही म्हटलं कळण्याच्या भाकरीनं.

"ते रक्त होतं," डॉक्टर म्हणाले. "आतल्या आत सांडलेलं. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

चुडामण खाली बघत होता. मग बोलला. सांगितलं होतं. धुळ्याच्या डॉक्टरनं सगळं सांगितलं होतं, की जेवल्याशिवाय घ्यायची नाही, दुसरं कुठलं दुखण्याचं औषध बरोबर घ्यायचं नाही, आग पडली किंवा काळं झालं तर त्याच दिवशी बंद करून या, आणि नाही झालं तरी महिन्यानं दाखवून जा. मग तू तिला का नाही सांगितलंस? तर म्हणे, परसाकडच्या गोष्टी बायकोशी कशा बोलायच्या. आणि गोळ्या बंद झाल्या असत्या तर मांड्यांचं काय? ऐका. बायकोला सांगायची लाज वाटली, आणि बायकोला मारायची वाटली नाही.

डॉक्टर मंडपात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की हा क्षय नाही, महारोग नाही, कुणाला लागण्यासारखं काही नाही, औषधानं पोट फाटलंय. नवऱ्या मुलाचे वडील हिलालभाऊ म्हणाले की लग्न लागलंय, आमचं काही म्हणणं नाही. हे ऐकून मला वाटलं, सुटलो बाई! कुडामागं जाऊन कुंदाला सांगितलं, तर तिनं डोळे मिटले आणि माझा हात दाबला. तिच्यासाठी सगळं झालं होतं. तिची पोरगी उजवली होती.

पण तिला जगवायचं होतं ना. डॉक्टर म्हणाले, धुळ्याला सरकारी दवाखान्यात न्यायला पाहिजे, बाहेरचं रक्त द्यावं लागेल. दारात मोटार उभी होती. आग्रा रोडनं तासाभराचा रस्ता. डॉक्टरांनी ड्रायव्हरला हाक मारली, आणि यशोदाबाई मोटारीच्या फळीला हात लावून उभ्या राहिल्या. नवरीच्या पाठवणीची मोटार. तिच्यात आधी रक्त ओकणारी बाई घालायची? गाद्यांना रक्त लागलं तर? डॉक्टर भावानं हात जोडले.

"अक्का, मोटारीत घातली तर ही बाई वाचेल. बैलगाडीत घातली तर नाही वाचायची."

"माझ्या मुलाच्या लग्नाची गाडी आहे, रुपचंद," यशोदाबाई म्हणाल्या. "तिरडी नाही."

मी चुडामणकडे बघितलं. तो यशोदाबाईंसमोर कसा बोलणार, पोरगी त्यांच्याच घरी जायची होती! हिलालभाऊ बाजूला तोंड करून सुपारी कातरत बसले. ड्रायव्हर यशोदाबाईंचा, तो जागचा हलला नाही. बाकीच्या मंडपातल्या माणसांनी पंगतीकडे पाहिलं, कारण दुसऱ्या पंगतीचे मांडे माझ्या लेकीनं करायला घेतले होते आणि ते फाटत होते. मांडे फाटल्याची हळहळ मी माझ्या कानांनी ऐकली.

प्रमिलेला आत सांगितलं की आईला चक्कर आली, जरा नरडाण्याला दाखवायला नेतोय. नवरीला याहून जास्त कोण सांगतो? तिला बाहेर येऊ दिलं नाही.

आमच्या ह्यांनी बैल जुंपले. कडबा घालून वर गोधडी टाकली आणि कुंदाला निजवलं. नरडाण्याला गेलं की आग्रा रोडला एखादी येष्टी नाहीतर मालमोटार मिळेल, असा विचार. डॉक्टर बहिणीकडे पाठ फिरवून आमच्याबरोबर गाडीत बसले, मी कुंदाचं डोकं मांडीवर घेतलं, चुडामण मागून चालत आला. वैशाखाचं ऊन. गाडीचं चाक दगडावर चढलं की तिच्या तोंडातून रक्त यायचं. डॉक्टर सारखे म्हणायचे, सावकाश हाका, आणि मग म्हणायचे, जरा पाय उचला. सावकाशही पाहिजे आणि जलदही पाहिजे. बैलांनी काय करायचं?

निम्मी वाट गेली असेल. कुंदानं डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. आवाज नव्हताच, ओठांना कान लावला.

"मी मरी गऊ तरी माले आठेच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोर गाडीमा बसी जाई, मंग घर लयी जा."

घरात मढं आलं की सुतक, आणि सुतकात पाठवणी होत नाही. तिला ते कळत होतं, म्हणून पोर सासरी निघेपर्यंत मला इथंच वाटेत राहू द्या म्हणत होती. मी तिच्यावर ओरडले, म्हटलं गप बस, काही मरत नाहीस. थोड्या वेळानं डॉक्टरांनी मनगट सोडलं आणि तिचा हात तिच्या छातीवर ठेवला. बोटं वाकडी होती. सूज एवढीशीही नव्हती.

गाडी बाभळीखाली घेतली. चुडामण तेव्हा रडला. रडू दे. डॉक्टर म्हणाले, परत घेऊन चला. मी म्हटलं, नाही, तिनं सांगितलंय. बाभळीच्या सावलीला आम्ही बसून राहिलो, मी माश्या वारत होते आणि गावाकडून वाजंत्री ऐकू येत होती. किती वेळ बसलो ते नाही सांगता येत. सावली सरकली की गाडीही सरकवायची.

मग मोटारीचा आवाज आला. रस्ता अरुंद, आमची गाडी जरा पुढे आलेली, म्हणून मोटार थांबली. पुढच्या बाजूला यशोदाबाईंशेजारी प्रमिला बसली होती, डोळे रडून सुजलेले, कपाळाला बाशिंग. तिनं गाडी ओळखली, बैल ओळखले, मला ओळखलं. मी गोधडी कुंदाच्या हनुवटीपर्यंत ओढली आणि तोंड पदरानं असं अर्धं झाकलं, जसं उन्हात निजलेल्या माणसाचं झाकतात. प्रमिला उतरायला उठली. यशोदाबाईंनी तिचं मनगट धरलं, नवरीनं वाटेत गाडीतून पाय खाली ठेवू नये म्हणून. पोरीनं वरूनच विचारलं, माय कशी शे?

मी म्हटलं, झोपलीय. औषध दिलंय डॉक्टरांनी. मी खोटं बोलले, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. डॉक्टर बैलाच्या शिंगाकडे बघत उभे होते. चुडामण गाडीच्या मागं बसला होता, तो उठलाच नाही.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, बैल बिचकले, गाडी हलली आणि कुंदाचं डोकं माझ्या मांडीवर एका बाजूला कललं. मी ते हातानं सरळ केलं. प्रमिलेनं ते पाहिलं आणि ड्रायव्हरला हातानं थांबवलं.

"भोंगा नको वाजाडू भाऊ," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "तिले उठाडू नको, मोठी माय. पहाटपाईन खापरम्होरे बठेल शे. झोपू दे तिले."

आमच्या ह्यांनी बैल बाजूला घेतले आणि मोटार निघून गेली. धूळ खाली बसल्यावर आम्ही गाडी गावाकडे वळवली.